ओवीवर आलेला कॉपीराइटचा दावा : माझा अनुभव

आमच्या ओव्यांच्या चॅनलवरच्या एका व्हिडिओवर एका म्युझिक कंपनीने कॉपीराइटचा दावा ठोकला होता. तो दावा शेवटी सुटला, व्हिडिओ आजही जागच्या जागी आहे. मधल्या काळात जे वाचावं लागलं, लिहावं लागलं, लोकांना विचारावं लागलं, ते इथे मांडते. आपल्याकडे किती लोक कीर्तनं, भारुडं, भजनी मंडळांचे कार्यक्रम, घरातल्या आज्यांची गाणी कष्टाने रेकॉर्ड करतात. आणि एक इंग्रजी मेल आला की घाबरून सगळं काढून टाकतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण काढून टाकलेलं त्यातलं बरंचसं पुन्हा मिळणारं नसतं.

तो व्हिडिओ माझ्या मावशीचा. ती मुळशीतली, कोळवणच्या बाजूची. आम्ही पुण्याहून माइक घेऊन गेलो आणि तिच्याच पडवीत जातं मांडलं. ती एका हाताने खुंटा फिरवते, दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालते, आणि वैरण घालताना ओवीचा शब्द जरासा लांबतो. एका ओवीत तिने तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या मामाचं, नाव घेतलं आहे. एके ठिकाणी पीठ सारायला ती थांबते, ओवी तुटते आणि पुढच्या फेऱ्याला पुन्हा जोडली जाते. हे सगळं इतकं बारकाईने सांगते आहे, कारण पुढे हेच कामाला आलं.

दावा दिसला तो यूट्यूब स्टुडिओत, व्हिडिओच्या नावासमोर. उघडून पाहिलं तर एका अल्बमचं नाव, त्यातल्या गाण्याचं नाव, दावा करणाऱ्या कंपनीचं नाव आणि व्हिडिओतला नेमका कोणता भाग जुळला ती वेळ. जुळली होती चाल, आवाज नव्हे. इथे पहिली गोष्ट कळली. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची व्यवस्था २००७ पासून आहे. कंपन्या आपली गाणी नमुना म्हणून तिथे देऊन ठेवतात आणि चढवलेला प्रत्येक व्हिडिओ त्या नमुन्यांशी ताडून पाहिला जातो. रेकॉर्डिंग तर जुळतंच, नुसती चालही जुळू शकते. अशा जुळणीतून येतो तो ‘क्लेम’. त्याने चॅनलला धक्का लागत नाही. फार तर त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे दावेदाराकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसेनासा होतो. ‘स्ट्राइक’ वेगळा. व्हिडिओ काढून टाका अशी रीतसर कायदेशीर मागणी कुणी केली आणि ती मानली गेली, तर स्ट्राइक बसतो. ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर चॅनलच बंद होऊ शकतं. आमच्यावर आला होता तो क्लेम. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ‘चॅनल गेलं समजा’ इथपर्यंत मजल गेली होती.

ग्रुपवरचे सल्लेही ऐकण्यासारखे होते. कुणी म्हणे, ३० सेकंदांपेक्षा कमी वाजवलं तर चालतं. असा नियम कुठेही नाही. कुणी म्हणे, खाली ‘श्रेय मूळ कलाकाराला’ लिही, म्हणजे झालं. श्रेय द्यावं, जरूर द्यावं, पण श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. त्यात टीका, समीक्षा, बातमी, खाजगी अभ्यास अशा कारणांसाठी दुसऱ्याचं काम रास्तपणे वापरायची मुभा आहे. ती कारणावर आणि वापराच्या स्वरूपावर ठरते, सेकंदांवर नाही.

मी आधी तो अल्बम नीट ऐकला. बासरी, तबला, स्टुडिओत गाणारी गायिका, सुरेख ध्वनिमुद्रण. त्या मांडणीवर आणि त्या रेकॉर्डिंगवर त्या कंपनीचा हक्क आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. उद्या कुणी ते रेकॉर्डिंग उचलून आपल्या व्हिडिओला लावलं, तर कंपनीने जरूर आडवं यावं. पण ती चाल? मुळशी-मावळात कुठल्याही म्हातारीला विचारा. पुण्यातूनच हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं केवढं मोठं काम उभं केलं. एक लाखाच्या वर ओव्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळाच्या संग्रहात कुणालाही वाचता येतात, काही ऐकताही येतात. त्याच धाटणीच्या चाली तिथे मला सापडल्या, अल्बमच्या कितीतरी आधी ध्वनिमुद्रित झालेल्या.

शिवाजीनगर कोर्टात काम करणाऱ्या एक ओळखीच्या वकीलबाई आहेत. त्यांनी मला एका बैठकीत जे समजावलं, ते आधी ठाऊक असतं तर रात्रीच्या रात्री जागावं लागलं नसतं. त्या म्हणाल्या, “अगं, गाणं म्हणजे एक हक्क नसतो, हक्कांचा थर असतो. शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायलं कुणी, रेकॉर्ड कुणी केलं, हे वेगवेगळं विचार.” शब्द आणि चाल परंपरेची असेल तर ती कुणा एकाची मालमत्ता नाही. लेखक किंवा संगीतकार माहीत असेल, तर त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क चालतो. ध्वनिमुद्रणावर, ज्याने ते करवून घेतलं त्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. आणि जी गायली तिचा, म्हणजे मावशीचा, स्वतंत्र हक्क ५० वर्षं. हा शेवटचा हक्क आपल्याकडे कुणाच्या गावीही नसतो. लोकगीत सगळ्यांचं, म्हणून गाणाऱ्या बाईचा आवाजही सगळ्यांचा, असं धरून लोक बिनदिक्कत वापरतात.

हरकत घ्यायच्या फॉर्मवर कारण निवडावं लागतं. परवाना आहे, स्वतःची निर्मिती आहे, रास्त वापर आहे, की मूळ कृती सार्वजनिक झालेली आहे, म्हणजे तिच्यावर आता कुणाचाच हक्क नाही. मी शेवटचं निवडलं, कारण वाद चालीचा होता. खाली सोप्या इंग्रजीत मुद्दे लिहिले. ही पारंपरिक ओवी आहे, चालीला ज्ञात संगीतकार नाही. जुन्या संग्रहांत ती आढळते, तिचे दुवे हे. व्हिडिओतला आवाज माझ्या मावशीचा आहे, ध्वनिमुद्रण माझं आहे, मूळ फाइल माझ्याकडे आहे. जुळलेल्या भागात संपूर्ण वेळ जात्याची घरघर आहे, गाणारी स्वतःच्या भावाचं नाव घेते आणि पीठ सारताना थांबते, यातलं काहीही अल्बममध्ये नाही. कुठेही आवाज चढवला नाही, कुणावर आरोप केला नाही. वकीलबाईंनी मसुद्यातली सगळी विशेषणं खोडली होती आणि त्यांचं बरोबर होतं.

एक व्यवहाराची बाब. चॅनलला जाहिरातींचे पैसे मिळत असतील, तर दावा आल्यापासून ५ दिवसांच्या आत हरकत घ्या. म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात आणि निकाल लागेल त्याप्रमाणे दिले जातात. उशीर केला तर मधले हाती लागत नाहीत.

हरकतीवर उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस असतात. मुदतीच्या अगदी शेवटाला उत्तर आलं : दावा कायम. कारण काही नाही. हरकतीचा निवाडा दावेदारच करतो, ही या व्यवस्थेतली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच पहिला न्यायाधीश.

पुढची पायरी अपील. इथे बहुतेक जण थांबतात, कारण अपिलात आपलं पूर्ण नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो. अपिलानंतर कंपनीला ७ दिवस मिळतात. एक तर दावा सोडायचा, नाही तर व्हिडिओ काढायची रीतसर मागणी करायची. तशी मागणी केली की आपल्यावर स्ट्राइक. मग आपण प्रतिसूचना द्यायची, म्हणजे व्हिडिओ काढणं चुकीचं आहे असं लेखी कळवायचं, ते अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याप्रमाणे. प्रतिसूचना शपथेवर असते, खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. ती दिल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत कंपनीला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. नाही दिला तर व्हिडिओ परत येऊ शकतो.

घरात यावर चर्चा झाली. आमचे हे म्हणाले, “एका व्हिडिओपायी कोर्टकचेरी कशाला मागे लावून घेतेस?” त्यांची काळजी खरी होती. मी मावशीला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अगं, ती ओवी माझ्या आईची. त्यांची कशी झाली?” मी अपील केलं. प्रतिसूचनेचा मसुदाही तयार ठेवला, पण तो पाठवायची वेळ आली नाही. कंपनीने दावा सोडला. दिलगिरी वगैरे काही नाही, व्हिडिओसमोरचा शब्द नाहीसा झाला इतकंच.

वकीलबाईंनी आणखी एक सांगून ठेवलं होतं. कॉपीराइटच्या नावाखाली कुणी निराधार धमक्या देत असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली आपणच दिवाणी कोर्टात जाऊ शकतो, ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारी नाव-चिन्हांच्या, कायद्यात तसंच कलम १४२ आहे. नुसतं ठाऊक असलं तरी उत्तर लिहिताना हात थरथरत नाही.

हे निस्तरतंय तोवर दुसरंच उभं राहिलं. एका दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर कुणीतरी आमच्या चॅनलच्या नावाने पेज काढलं, आमचाच लोगो लावला आणि ‘जात्यावरचं पीठ’ विकायला सुरुवात केली. लोक मला विचारू लागले, ताई, पीठ कधी पाठवता? मी कॉपीराइटची तक्रार करायला बसले, तेव्हा कळलं की नावावर कॉपीराइट नसतोच. नाव, ओळख, ग्राहकाची फसगत हा सगळा ट्रेडमार्कचा प्रांत, १९९९ चा कायदा. आणि ट्रेडमार्कच्या फॉर्मवर पहिला रकाना : नोंदणी क्रमांक. तो आमच्याकडे नव्हता.

पण लोगो म्हणजे चित्र, आणि चित्राला कॉपीराइट असतो, काढल्या क्षणापासून. नोंदणी सक्तीची नाही, हवी तर करता येते. तो लोगो माझ्या भाचीने काढलेला, जात्याचा खुंटा आणि त्यावर मावशीचा बांगड्या भरलेला हात. म्हणजे हक्क भाचीचा, माझा नाही. तो माझ्याकडे यायचा तर लेखी करार हवा, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. आम्ही दोन्ही लिहिलं, भाचीला ठरलेली रक्कम दिली आणि मग तक्रार केली, सोबत तिच्या मूळ रेखाटनाचा तारखेसकट फोटो. आपल्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे लेखी तक्रार पटली तर प्लॅटफॉर्मला ३६ तासांत तो मजकूर थांबवावा लागतो. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. लोगो उतरला आणि परत लागला नाही. नाव मात्र तसंच राहिलं.

म्हणून नावासाठी अर्ज केला. ऑनलाइन, टीएम-ए फॉर्म, व्यक्तीच्या नावाने माल-सेवांच्या प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये. चॅनल वर्ग ४१ मध्ये येतं, पीठ वर्ग ३० मध्ये. आम्ही दोन्ही घेतले. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. तपासणीत हरकत निघाली की नाव फार वर्णनात्मक आहे. उत्तराला ३० दिवस. इथे जुने व्हिडिओ, पहिल्या अपलोडची तारीख, वृत्तपत्रातलं कात्रण, कार्यक्रमांची निमंत्रणं हे सगळं प्रतिज्ञापत्रासोबत जोडलं. आधीपासूनचा वापर किती वजनदार ठरतो, हे सांगताना वकीलबाईंनी कॅम्पातल्या बर्गर किंगचं उदाहरण दिलं. २०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाने त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीचा दावा फेटाळला, कारण ती कंपनी भारतात दुकान काढण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यातलं दुकान ते नाव लावत होतं. प्रकरण पुढे वरच्या कोर्टात गेलं. पण तारखेचा कागद जपून ठेवायचा, हे मला तिथून पक्कं कळलं.

उत्तर मान्य झालं, नाव आता ट्रेडमार्क जर्नलमध्ये आलं आहे. कुणाला विरोध करायचा असेल तर ४ महिने मुदत आहे. तोवर नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ ही नोंदणीची खूण, ती नोंदणीआधी लावणं बेकायदेशीर आहे, आणि कित्येक चॅनलवाले ती सर्रास लावतात. नोंदणी मिळाली की १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण.

पीठवाल्या पेजने आमच्या वकिली पत्रानंतर नाव बदललं आहे. मावशीकडून आम्ही आता लेखी संमती घेतो, मराठीत, तिला वाचून दाखवून. कोणत्या ओव्या, कुठे लावणार, पैसे आले तर तिचा वाटा किती, आणि नको वाटलं तर काढून टाकायचा तिचा अधिकार, हे चारही त्यात असतं. पुढच्या महिन्यात तिच्या दोन जावांचं रेकॉर्डिंग आहे, त्यांच्याही कागदांचा मसुदा तयार झाला आहे.