बारा टक्क्यांचा खरा दर

निपाणीत आमच्या काकांनी दुकानासाठी घेतलेल्या १,००,००० रुपयांच्या कर्जाच्या कागदावर 'सरळ १२ टक्के' असे लिहिले होते. मुदत २४ महिने, हप्ता ५,१६७ रुपये. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच लागत होते, हे उघड होते. पण खरा दर सूत्रातून थेट सुटत नाही, आणि वाणिज्य शाखेत शिकूनही माझे गाडे तिथेच अडले. पायथन ही संगणकभाषा शिकण्याचे निमित्त एवढेच.

दुभाजन पद्धत मला फार आवडली: दरमहा ० ते ५ टक्क्यांच्या मधोमधचा दर घ्यायचा, त्याने सर्व हप्त्यांचे आजचे मूल्य (पुढे भरायच्या पैशांची त्या दराने आज होणारी किंमत) काढायचे, ते लाखाहून अधिक आले तर दर वाढवायचा, कमी आले तर घटवायचा, आणि दर खेपेला अंतर निम्मे करत जायचे. वीस खेपांत ते दहा लाखांहून अधिक पटींनी आक्रसते. उत्तर आले वर्षाला सुमारे २१.६ टक्के. काकांनी तो प्रोग्राम तीनदा चालवून दाखवायला लावला.

एक खोच उशिरा कळली: संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, ०.१ आणि ०.२ नेमके मांडता येत नसल्याने त्यांची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही. म्हणून पैशांच्या नोंदींसाठी पायथनमधला डेसिमल हा दशमान संख्याप्रकार वापरावा. सध्या भावाच्या उसाच्या बिलांचा हिशेब मी त्यातच मांडतो आहे.