पाय नसलेली पेशी चालते कशी?

वेचणीच्या दिवसांत आमच्या गावातल्या बायांची बोटं ओरखड्यांनी भरलेली असतात. उमललेल्या बोंडाची वाळकी टोकं फार बोचतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे एक प्रश्न मला वर्गापेक्षा वावराच्या धुऱ्यावर जास्त विचारला जातो: "मॅडम, हे कातडं आपोआप कसं जुळते जी?" मी सांगते, जखमेच्या काठावरच्या पेशी सरकत सरकत मधे येतात. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "त्याईले पाय असते का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं उत्तर लिहिते. धुऱ्यावर उभ्या-उभ्या ते कधीच पुरं होत नाही.

पाय नसतात, पण पेशीला बोटं फुटतात. ज्या बाजूला जायचं त्या बाजूला तिचं आवरण एका पातळ पापुद्र्यासारखं पसरतं आणि त्याच्या कडेतून बारीक बोटं बाहेर येतात. त्यांना फिलोपोडिया म्हणतात. एका बोटाची जाडी साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत अशी काहीशे बोटं शेजारी-शेजारी मावतील. बोट काही मिनिटांत पुढे येतं, समोर काय आहे ते चाचपतं, धरण्यासारखं काही मिळालं तर टिकतं आणि नाही मिळालं तर परत आत जातं.

पावसाळ्यात नाल्याला पाणी असताना आपण कसे पार होतो ते आठवा. आधी काठी टेकवून बुड लागतं का पाहायचं, मग पाय रोवायचा, आणि तो रुतल्याची खात्री झाल्यावरच मागचा पाय उचलायचा. पेशीचंही तसंच आहे. तिच्या चालण्यातली खरी गोष्ट पुढे ढकलण्यात नाही, धरण्यात आहे.

आता बोटाच्या आत जाऊ. तिथे ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. हे प्रथिन हंगेरीत १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला स्नायूंच्या अभ्यासातून सापडलं. पेशीच्या चालण्याशी त्याचा संबंध लागला तो पुष्कळ नंतर. दहा ते तीस धागे एकमेकांना लागून उभे राहतात आणि फॅसिन नावाचं दुसरं प्रथिन त्यांची घट्ट जुडी बांधतं. धाग्याच्या टोकाला ॲक्टिनचे नवे कण जोडले जातात, धागा लांबतो, आवरण पुढे रेटलं जातं. इतकं पुरेसं वाटतं. पण त्याच वेळी अख्खी जुडी मागे, पेशीच्या पोटाकडे ओढली जात असते. टोकाशी पकड नसेल तर बोट वाढलं काय आणि आटलं काय, पेशी जागची हलणार नाही.

इथे मायोसिन-१० येतं, आणि माझा जीव याच्यावरच आहे. मायोसिन हे मोटर प्रथिनांचं, म्हणजे इंधन खर्चून हालचाल घडवणाऱ्या प्रथिनांचं, मोठं कुटुंब. आपला दंड फुगतो तो त्यातल्याच मायोसिन-२ मुळे. मायोसिन-१० ची जोडी ॲक्टिनच्या धाग्यांवर चालत बोटाच्या टोकाकडे जाते. प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च होतो; एटीपी म्हणजे आपण खाल्लेल्या भाकरीतून पेशीने तयार केलेलं इंधन. मायोसिनच्या शेपटीला इंटिग्रिन बांधता येतं, आणि बाहेरच्या पृष्ठभागाला धरून ठेवणारं प्रथिन हेच. म्हणजे पकडीचं सामान नेमकं टोकाशी पोचतं. संशोधकांनी शेपटी काढून फक्त चालणाऱ्या डोक्यांची जोडी पेशीत घातली, तेव्हाही बोटं फुटली, पण आखूड आणि तग न धरणारी. मला हा प्रयोग फार बोलका वाटतो. चालणाऱ्या मोटरने बोट सुरू होतं. ते लांब आणि भक्कम व्हायला शेपटीही लागते.

टोकाशी पकड बसली की मागच्या बाजूला मायोसिन-२ आकसतं, मागची पकड सुटते आणि पेशीचं अंग पुढे येतं. एका तासात ती मिलिमीटरचे काही शतांश भाग सरकते.

हे सगळं नसतं तर काय झालं असतं? २०१७ मध्ये मायोसिन-१० नसलेल्या उंदरांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यातली बरीच पिल्लं जगलीच नाहीत, कारण मेंदूच्या जागी जुळायची नळी उघडी राहिली होती. जगली त्यांच्या पोटावर पांढरा ठिपका होता. रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या बाजूने निघतात आणि पोटापर्यंत शेवटी पोचतात. या उंदरांत त्या तिथवर पुरेशा पोचल्याच नाहीत. काही पिल्लांच्या पायांची बोटंही जुळलेली होती. आणि स्तनाच्या काही कर्करोगांत याच मायोसिन-१० चं प्रमाण वाढलेलं दिसतं. गाठीतून सुटून दुसरीकडे जाणाऱ्या पेशी हीच बोटं वापरतात.

आता तुमच्या ओरखड्यांबद्दल. त्यावर माती दाबणं, तंबाखू लावणं मी अजूनही पाहते आणि मला वाईट वाटतं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. खोल कापलं तर आरोग्य केंद्रात जाऊन सुई घ्यायलाच हवी. जखम उघडी ठेवून वाळवली की लवकर भरते, हाही समज खरा नाही. जॉर्ज विंटर या संशोधकांनी १९६२ मध्ये डुकरांच्या पिल्लांवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. कोरड्या खपलीखाली पेशींना ओल शोधत खालून वाट काढावी लागते. म्हणून स्वच्छ पाण्याने धुवा आणि धुतलेल्या सुती कापडाची पट्टी बांधून ठेवा. आणि खपली धरली असेल तर ती उचकटू नका. तिच्यासोबत खाली नुकत्याच पोचलेल्या पेशीही निघून येतात, आणि काठावरच्यांना पुन्हा पहिल्यापासून निघावं लागतं.