मुरमाची वाट

दिवाळीनंतरच्या दुपारी सायकल उलटी करून टायरमधले सराटे काढत बसणं हा माझा ठरलेला उद्योग आहे. पावसाळ्यात सराट्याचा वेल किती गरीब दिसतो! जमिनीला धरून असतो, इवली पिवळी फुलं येतात. ऑक्टोबरचं ऊन खाऊन तो वाळला, की त्याची फळं वाटेवर सांडतात आणि कशीही पडली तरी एक काटा आभाळाकडे राहतोच. बाभळीचा काटा निदान नजरेला तरी येतो. सराटा टायरला चिकटतो, फिरत राहतो आणि घरी आल्यावर दाभणानं उकरून काढला, की मग बारीक फुस्स ऐकू येतं. तो आत होता तोवर हवाही आतच होती. म्हणजे काढायचा की ठेवायचा? मी काढते. राहवत नाही.

"डांबरी रस्त्यानं जा ना मग," असं आतून ऐकू येतं. त्याला मी उत्तर देत नाही.

डांबरी रस्त्याचं आता काय राहिलंय? पाठीमागून हॉर्न वाजवत येणारी गाडी आपल्याला चुकवून जाते, तेव्हा आपण वाचलो याचा आनंद होतो, सायकल चालवल्याचा नाही. शनिवार-रविवारी पसरणीचा घाट म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांगच. त्याच घाटाखाली, वाईच्या आसपास, मुरमाच्या आणि मातीच्या इतक्या वाटा पसरल्या आहेत, की सकाळी निघावं आणि नाश्त्यापर्यंत एक मोटार दिसू नये. कालव्याच्या कडेच्या वाटा, पाणंदी म्हणजे शेतांच्या बांधांमधल्या अरुंद वाटा, शेतातून गावाकडे जाणारे जुने गाडीरस्ते. हल्ली शहरातली मंडळी याला ग्रॅव्हल म्हणतात. त्यासाठी वेगळी सायकल मिळते, तिची किंमत सांगितली तर गावाकडचे लोक विचारतात, इंजिन कुठाय.

मी ती घेतलीय. टायर चाळीस मिलिमीटर रुंद आणि हवा मात्र कमी, पस्तीस-चाळीस पीएसआय. हे मला पचायला जड गेलं. आमच्या लहानपणी टायर वरवंट्यासारखा टणक लागला तरच हवा भरली असं मानायचे. पंक्चरवाले काका पंप मारून झाला की अंगठ्यानं दाबून बघायचे, मग आम्ही दाबून बघायचो, आणि "काका, अजून थोडी" म्हणायचो. त्यांचं दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं आणि पिंपळाचा पार. ट्यूब पाण्यात बुडवून ते हळूहळू फिरवायचे. बुडबुडे कुठून येतात हे आधी कोण ओरडतं यावर आमची पैज असायची. मग तिथं कानस, मग सोल्यूशन, त्यावर फुंकर, आणि जुन्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा. त्या सोल्यूशनचा वास मला अजून आवडतो. हे कुणाला सांगू नये, पण नवीन ट्यूब आणली तरी मी जुनीला ठिगळ लावत बसते, त्यात थोडा वाटा त्या वासाचा आहे.

कालव्याच्या वाटेचा एक मोठा गुण म्हणजे तिला चढ नसतो. पाणी आपल्या वजनानं पुढं जायचं, म्हणून कालवा किलोमीटरमागे जेमतेम वीत-दोन वीत उतरतो. टेकडीची सोंड आली की तो तिच्यावर चढत नाही, वळसा घालून जातो. त्यामुळे धोमच्या कालव्याच्या कडेनं जाताना पांडवगड कधी खांद्याशी, कधी पाठीशी, आणि मग एखाद्या वळणानंतर भलतीकडेच. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीचं पाणी सुटलेलं असलं तर बाजूनं ते पाणी सोबतीला चाललेलं असतं. भल्या सकाळी कुणीतरी खांद्यावर फावडं टाकून रात्रीची दारं धरून, म्हणजे पिकाला पाणी देऊन, परत येत असतो. रात्रभर जागलेला तो माणूस आणि हौसेखातर पहाटे उठलेली मी, एकमेकांना 'रामराम' म्हणून पुढं जातो. त्याच्या मनात काय येत असेल, याचा मी फार विचार करत नाही.

पाणंदींचं वेगळं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये गवताची पट्टी. कुठे हळदीचं रान लागतं, तिथे जरा उजेड येतो. तोडीच्या दिवसांत समोरून उसाची टायरगाडी, म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी आली, तर सायकल उचलून उसात शिरायचं, दुसरा इलाज नाही. वळणावर काही दिसत नाही म्हणून मी घंटी वाजवते. खरं तर वळण नसतानाही वाजवते. कुणी नाही, कशासाठी नाही, नुसतीच. म्हशी ढिम्म असतात. कुत्री मात्र जागी होतात, आणि मग उतरून दगड उचलल्यासारखं वाकावं लागतं. वाकलं की पुरे, दगड नसला तरी चालतं. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे आणि कुत्र्यांच्याही पिढ्यांनी ते मान्य केलेलं दिसतं.

घंटीवरून आठवलं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. सायकल घाटाच्या पायऱ्यांशी टेकवून मी तिच्याकडे बघत बसले होते, तर एक शाळकरी मुलगा माझी घंटी वाजवत होता. त्याला त्या घंटेचं काही कौतुक नव्हतं. ती रोजचीच.

सगळ्यात वाईट काय असेल, तर नुसती पसरलेली खडी. रस्त्याच्या कामात आधी खडीकरण होतं, मग डांबरीकरण, आणि या दोन्हींच्या मध्ये कधीकधी एक निवडणूक असते. रोलर न फिरलेल्या खडीवर सायकलचं पुढचं चाक स्वतःचं डोकं चालवायला लागतं. तिथं मी सरळ उतरते. मुरूम मात्र काय सुंदर गोष्ट आहे! दोन पावसांनी बसलेला, तांबूस, चाकाखाली बारीक करकरणारा. असा मुरमाचा पट्टा संपून डांबर लागलं, की माझं तोंड उतरतं.

ते तोंड उतरलेलंच असताना बावधनच्या अलीकडे एका बांधावर बसलेल्या काकांनी हटकलं.

"ताई, वाट चुकलाय व्हय?"

"नाही काका, इकडूनच यायचं होतं."

"हिकडनं? मुद्दाम?" त्यांनी सायकलकडे पाहिलं. "मग पावसाळ्यात या की."

पावसाळ्यात त्या पाणंदीत गुडघ्याएवढा चिखल होतो. तोडलेला ऊस ट्रॅक्टरपर्यंत डोक्यावरून न्यावा लागतो, आणि नेईपर्यंत त्याचं वजन घटतं. शेजारी दर साली नांगराचं एकेक तास घालून बांध कोरत आलाय. गावनकाशावर दोन तुटक रेघा आहेत, म्हणजे गाडीरस्ता, पण जागेवर आता जेमतेम एक बैल जातो. काकांना कायदा तोंडपाठ होता. असलेली वाट अडवली तर १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम, कलम ५, अर्ज सहा महिन्यांच्या आत. वाट नव्हतीच आणि बांधावरून नवी हवी असेल तर १९६६ ची महसूल संहिता, कलम १४३. सरकारनं पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावानं योजना काढलीय तीही त्यांना ठाऊक होती. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी त्या वाटेला 'छान' म्हणत होते.

"तुमच्या त्या मोबाईलात आमची पाणंद दिसती का?"

मी उपग्रहाचं चित्र काढून दाखवलं. दोन हिरव्या चौकोनांच्या मध्ये एक फिकट रेघ होती, आणि तिच्यावर मी आलेली निळी रेघ. त्यांनी चष्मा काढून पुसला, स्क्रीनवर बोट ठेवलं. "हितनं हितपर्यंत त्यानं खाल्लीया." मग थोडं थांबून म्हणाले, "ही निळी रेघ तुमची न्हवं? तारीखबी दिसतीया. म्हंजी पाणंद वापरात हाय."

त्याचा फोटो काढून त्यांच्या मुलाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला. वाटेच्या दाव्यात पुढच्या तारखेला ते दाखवणार होते. तहसीलदारांपुढे त्याला कितपत किंमत असेल, कोण जाणे. पण माझ्या इतक्या वर्षांच्या भटकंतीची कागदोपत्री उपयोगी पडण्याची शक्यता असलेली ही एकच फेरी.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला, तर आधी बांध सरकेल. मग मुरूम पडेल, मग खडी, मग डांबर. पडावंच. पावसात ट्रॅक्टर थेट फडापर्यंत जावा. मी मात्र मग तिकडून जाईन असं वाटत नाही.