त्या वेळी दुसरा कोणी

बुधवार, रात्री उशिरा

आज दुपारी मी गप्प बसले.

कामाच्या ठिकाणी एक सहकारी जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करते. आज दोघांनी तिच्या येशूची मोठ्याने टिंगल केली, बाकीचे हसले. मी तिच्या समोरच होते. मीही त्याच प्रभूची आहे हे तिथे कोणाला ठाऊक नाही, तिलासुद्धा नाही. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

घरी आल्यापासून येशूचा शिष्य पेत्र डोळ्यांपुढून हलत नाही. येशूला पकडून नेलं त्या रात्री अंगणात एका दासीने विचारलं आणि तो म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. त्याच्यावर कोणी तलवार उगारली नव्हती. माझ्यावरही नाही. आजच्या प्रसंगाला मी छळ म्हणणार नाही. विश्वासापायी ज्यांची घरं जातात, ज्यांना तुरुंगात टाकतात, त्यांच्यासाठी तो शब्द राखून ठेवावा. पण माझी भीती खरी होती.

ती आजची नाही. कितीतरी रात्री मी मनातल्या मनात खटला चालवते. दार ठोठावलं जातं, मला उभं करतात, माझ्या मुलांना पुढे आणतात आणि विचारतात, अजूनही ख्रिस्ती म्हणवतेस का? दर वेळी मी मोडते. मग वाटतं, माझा विश्वास खोटाच असणार.

म्हणून आज पुन्हा पर्पेतुआच्या तुरुंगातल्या लिखाणाकडे गेले. सन 203, रोमी सत्तेखालचं उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज. साधारण 22 वर्षांची, अंगावर पिणारं बाळ असलेली, ख्रिस्ती म्हणून पकडलेली ही बाई तुरुंगात स्वतःच्या हाताने लिहीत होती. बाप विनवायला आला तेव्हा तिने तिथल्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारलं, याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येईल का? नाही ना? तसंच मलाही, मी जी आहे ते, म्हणजे ख्रिस्ती, सोडून दुसरं काही म्हणवून घेता येत नाही.

हे उत्तर मला पूर्वीपासून पाठ आहे. आज मात्र मी पुढच्या ओळींपाशी थांबले. अंधारकोठडीत टाकल्यावर ती लिहिते की मी फार घाबरले, असा अंधार मी कधी अनुभवला नव्हता. उकाडा, गर्दी, शिपायांची दांडगाई, आणि बाळाच्या काळजीने पोखरलेला जीव. इतकं धीट उत्तर देणारी बाई काही दिवसांतच घाबरले असं सरळ लिहून ठेवते. मंडळीच्या दोन सेवकांनी पैसे भरून कैद्यांना काही तास बऱ्या जागी हलवून घेतलं, तिथे तिने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजलं. पुढे बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली, आणि तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटू लागला. या सेवकांबद्दल आपण फार कमी बोलतो. दुसऱ्याची भीती हलकी करायला गेलेली ती माणसं स्वतः किती घाबरली असतील!

तिच्याबरोबर फेलिसितास होती, दासी, आठ महिन्यांची गरोदर. तुरुंगातच तिला कळा सुरू झाल्या आणि ती ओरडू लागली. पहारेकऱ्यांपैकी एकजण म्हणाला, आत्ताच एवढी रडतेस, मग श्वापदांपुढे टाकल्यावर काय करशील? ती म्हणाली, आत्ता जे सोसते आहे ते मी सोसते आहे. त्या वेळी माझ्यात दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसणार आहे.

हे वाचलं आणि माझ्या मनातल्या खटल्यात काय चुकतं ते दिसलं. तिथे मी एकटी असते. शिपाई असतात, न्यायाधीश असतो, मुलं असतात, येशू नसतो. मीच रचलेल्या संकटात मीच त्याला येऊ देत नाही आणि मग माझं बळ पुरत नाही म्हणून रडते. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात तो सांगतो की प्रत्युत्तर कसं द्यायचं याचा आधीच विचार करायचा नाही असं मनाशी ठरवा, बोलणं आणि बुद्धी मी देईन. मी वर्षानुवर्षं नेमकं उलटं करत आले.

त्याने सुटकेची हमी दिलेली नाही, हेही मला इथे लिहून ठेवायचं आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा याकोब या शिष्याला तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात तुरुंगातल्या पेत्राला देवदूत सोडवून नेतो. प्रभूचं याकोबावर प्रेम कमी होतं का? मला उत्तर येत नाही, आणि कोणी सोपं उत्तर दिलं तर मला ते नको आहे. पण सुटकेच्या त्याच रात्री, देवदूत येण्याआधी, पेत्र दोन शिपायांच्या मधे, दोन साखळ्यांनी बांधलेला, झोपला होता. आपण सुटणार हे त्याला माहीत नव्हतं. दासीला घाबरलेला तोच माणूस! आज त्याच्या त्या झोपेने मला रडवलं.

पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. त्यानेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागणं केलं. तेव्हा माझे हात थरथरले म्हणून तो मला टाकणार नाही.

आज रात्री प्रार्थनेत तुरुंगातल्यांना आठवलं. त्या दोघा हसणाऱ्यांचीही नावं घेतली, जड गेलं.

उद्या तिच्याशेजारी बसायचं आहे, आणि तिने डोळे मिटले की मीही मिटायचे आहेत. कोणी काही विचारलं तर काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.