अनुस्वार पडतो

पहिल्यांदा ‘मंगलमूर्ती’ कापलं, तेव्हा सहा तुकडे झाले. म वेगळा, ग वेगळा, ल वेगळा, मू आपला ऊकार सांभाळून वेगळा, र्ती वेगळी. सहावा तुकडा म्हणजे अनुस्वार. तो पंख्याच्या वाऱ्याने कुठे उडाला ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांच्या पायमोज्याला सापडला. म्हणजे आमचा अनुस्वार कोथरूडहून हडपसरपर्यंत ऑफिसला जाऊन आला होता.

कागद कापायचं हे यंत्र लेकीचं. लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलं, त्यावर डझनभर वाढदिवसाची कार्डं केली आणि नोकरी लागल्यावर बेंगळुरूला निघून गेली. वारसा वरून खाली येतो असं म्हणतात. आमच्याकडे तो खालून वर येतो. तिचा जुना मोबाइल माझ्याकडे, तिचे इअरफोन ह्यांच्याकडे आणि हे यंत्र दोन वर्षं पलंगाखाली. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी केर काढताना ते हाताला लागलं, आणि मखर आपणच करावं असं डोक्यात आलं.

दिसायला ते शिवणयंत्राच्या झाकणाएवढं. सोबत बारा इंची चौकोनी चिकट मॅट. तिच्यावर कागद दाबून बसवायचा आणि मॅट रुळांत सरकवायची. मग कागद मागेपुढे होतो आणि पातं धरलेली छोटी गाडी डावी-उजवीकडे धावते. दोघांतलं कुणीच गोल फिरत नाही, तरी गोल कापला जातो! पहिले चार दिवस मी नुसती हेच बघत बसले होते. आणखी एक गंमत लेकीने फोनवर सांगितली. पात्याला सुकाणू नसतं. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक कसं आपण ढकलू तिकडे मागोमाग वळतं, तसं त्याचं टोक गाडीच्या मागे फरफटत जातं. म्हणून लांब वळण ते सुरेख घेतं, पण टोकदार कोपरा आला की जरा गडबडतं. चरचर, चरचर, मग ‘टक्’. त्या ‘टक्’ला पातं फिरतं. कागद ओलसर असेल तर नेमका तिथेच फाटतो.

आणि भाद्रपदात पुण्यातला कुठला कागद कोरडा असतो? बोहरी आळीतून आणलेली कार्डशीट रात्रभर टेबलावर राहिली, तर सकाळी पापडासारख्या कडा उचलून बसलेली असते. कागद हवेतलं पाणी पितो. मी तो गादीखाली ठेवू लागले. ह्यांना वाटलं, मी पैसे लपवतेय.

दुकानदाराने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “किती जीएसएम?” मला आपला घोटीव कागद, पतंगाचा कागद आणि पुठ्ठा एवढेच प्रकार ठाऊक. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचे सोळा कागद जोडले की चौरस मीटर भरतो. म्हणजे झेरॉक्सचा ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅमचा. हा हिशोब मी काउंटरवरच बोटांवर केला आणि मागची रांग माझ्याकडे बघत राहिली. मखराला २२० ते २५० लागतो. त्याहून पातळ कागद दिव्याच्या उबेने मान टाकतो. त्याहून जाड घेतला तर पातं कुरकुरतं.

मखराचं डोक्यात यायला कारण थर्माकोल. २०१८ साली राज्यात त्याच्यावर बंदी आली आणि आमच्या माळ्यावरचं, दरवर्षी पुसून वापरलं जाणारं पांढरं मंदिर निकालात निघालं. मग काही वर्षं साडीचा पडदा आणि चमकीच्या माळा. आई (माझी आई, ती आता आमच्याकडेच असते, ब्याऐंशी वर्षांची आहे) दरवर्षी म्हणायची, “गणपती छान, पण मागे दुकान मांडल्यासारखं वाटतंय.”

आईचं बोलणं मला ऐकावं लागतं, कारण घरातली खरी कातरकामवाली ती. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, चैत्रगौरीच्या आराशीची जाळी, माझ्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या वहीतली फुलं (ती मी केली असं बाईंना सांगितलं होतं), सगळं तिच्या कात्रीतून निघालेलं. ताव चार पदरी दुमडायची आणि रेघ न मारता कापत सुटायची. मी लहानपणी तसंच करायला गेले आणि घडीचीच बाजू पूर्ण कापून टाकली. उलगडलं तर जाळी नाही, नुसते कपटे. तेव्हा ती म्हणाली होती, “अगं, कापतेस कुठे ते बघू नकोस. धरून काय ठेवलंयस ते बघ.”

‘मंगलमूर्ती’चे सहा तुकडे बघून तिने तेच म्हटलं. फक्त या वेळी तिला वाटलं की चूक यंत्राची आहे. “हिला शिरोरेघ दिसत नाही का?”

खरं तर शिरोरेघ हे आपलं भाग्यच. इंग्रजीत नाव कापायचं, तर प्रत्येक अक्षर सुटं पडतं; मग ती दोऱ्यात ओवा, नाहीतर मागे पट्टी लावा. आपला शब्द दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा एका रेघेला लटकतो. उचलला की अख्खा उचलला जातो. मग माझा का सुटला? दोन संध्याकाळी डोकं खाल्ल्यावर कळलं, की संगणकावर टाइप केलेली शिरोरेघ ही एक रेघ नसतेच. प्रत्येक अक्षर आपापली रेघ घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या रेघेवर जरासं चढून बसतं. डोळ्याला ते सलग दिसतं. यंत्र मात्र सरळ माणूस. ते प्रत्येक अक्षराची हद्द वेगळी धरतं आणि जिथे जिथे हद्द, तिथे पातं चालवतं. सोसायटीतल्या पार्किंगसारखं.

यावर उपाय आहे. इंकस्केप नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, २००३ पासून फुकट मिळतं. त्यात मराठी टाइप करायचं, अक्षरांचं रूपांतर आकारात करायचं आणि मग सगळे आकार निवडून ‘युनियन’ म्हणायचं. मधल्या हद्दी पुसल्या जातात, शब्द एकसंध होतो. त्याआधी दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये टाइप करून बघितलं होतं, तिथे ‘सिद्धिविनायक’ची प्रत्येक पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तो प्रकार आईला दाखवला नाही.

फॉन्टही जपून निवडावा लागतो. मला आधी ‘मोदक’ या नावाच्याच फॉन्टचा मोह झाला. गुबगुबीत अक्षरं, गणपतीला शोभणारी. पण त्यातल्या अक्षरांच्या पोटातल्या फटी इतक्या नाजूक, की माझ्या कागदाला पेलवेनात. शेवटी ‘मुक्त’चा जाड प्रकार घेतला. रफार शिरोरेघेला भक्कम चिकटलेला, ऊकार घट्ट. राहिला अनुस्वार. तो कशालाच चिकटलेला नसतो. युनियन करा, काही करा, तो आपला वर अधांतरी. म आणि तो यांच्यामध्ये एक बारीक देठ काढता येतो, पण मग तो अनुस्वार न वाटता चेरी वाटते.

हेच उलटं केलं, म्हणजे कागदात शब्दाचं भोक पाडायचं ठरवलं, तर दुसरेच गळायला लागतात. व, ब, क, म यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात. रांगोळीचे छाप करणाऱ्यांना, ट्रकवर पत्रा धरून अक्षरं रंगवणाऱ्यांना हे कधीपासून माहीत आहे. ते पोटाला धरायला एक बारीक पट्टी ठेवून देतात. मथुरा-वृंदावनातली सांझी, म्हणजे कागद कोरून केलेले छाप, कापणारेही अख्खी झाडं, गाई, मोर अशाच पट्ट्यांवर तोलतात.

महिरपीसाठी मी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यासमोर उभी राहून फोटो काढले. लाकडी कोरीव दर्शनी भाग, सुरूचे खांब, केळफुलं. घरी येऊन फोटो थेट सॉफ्टवेअरला दिला आणि म्हटलं, काढ बाई कडा. तिने काढल्या. एका केळफुलाला चारशेच्या वर बिंदू! यंत्र दर बिंदूला अडखळत, थरथरत चाललं आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी आली. मग सगळं पुसून माऊसने स्वतः काढलं. एका वळणाला दोन टोकं, प्रत्येक टोकाला एक दांडा. दांडा ओढावा तशी रेघ झुकते. ही वळणं साठच्या दशकात पियेर बेझिए या फ्रेंच इंजिनिअरने रेनॉ कंपनीत मोटारींची अंगं आखायला वापरली, आणि त्याच्याच नावाने ओळखली जातात. दुसऱ्या बाजीरावाचं केळफूल माझ्या मखरावर असं मोटारीत बसून आलं. पाच बिंदूंत बसलं, आणि यंत्राने ते एका श्वासात कापलं.

अर्धी महिरप काढायची आणि आरशात धरल्यासारखी उलटवायची. मी ती उलटवत होते, तेवढ्यात आईने वर्तमानपत्र घेतलं, मधोमध दुमडलं आणि अंदाजे तशीच कापून पुढ्यात टाकली. दोन मिनिटं. मग चष्मा सारखा करत विचारलं, “तुझी अजून होतेय का?” त्यानंतर यंत्राने एकसारख्या चोवीस केळफुलांची रांग दिली, तेव्हा तीही जरा गप्प झाली. एक फूल दुसऱ्यावर ठेवून, उजेडाकडे धरून बघितलं तिने. दोनदा.

कापून झालं की खरं काम उरतं. जाळीच्या भोकाभोकात अडकलेले कपटे काढत बसायचं. या कामाला काय म्हणतात ते मला नाना पेठेतल्या रेडियमवाल्याने सांगितलं. रिक्षांच्या मागे ‘आईचा आशीर्वाद’ चिकटवून देणारा तो पोरगा माझ्याच यंत्राचा थोरला भाऊ चालवतो. (त्या चमकत्या स्टिकरात रेडियमचा कणही नसतो, पण नाव पडलं ते पडलं.) मी विचारलं, “नको असलेलं कसं काढता?” तो चिमट्याने ‘आशीर्वाद’मधल्या व च्या पोटातला कपटा उचलत म्हणाला, “निवडायचं, काकू. भाजीसारखं.” त्या संध्याकाळपासून आई ताटात जाळी घेऊन, मांडीवर पंचा पसरून निवडायला बसू लागली. टीव्ही चालू, हात चालू. मेथी आणि महिरप तिने एकाच सफाईने निवडली. देठ कुठे ठेवायचा, हे तिला सांगावं लागलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या रात्री मखर उभं राहिलं. तीन थर, मागे पिवळा दिवा, वर ‘मगलमूर्ती’. अनुस्वार मी तीनदा कापला, तीनदा हरवला. चौथा डिंकाच्या थेंबात बुडून विरघळल्यासारखा झाला. रात्रीचे साडेबारा वाजले होते. ह्यांनी लांबून बघून सांगितलं, “कुणाच्या लक्षात येणार नाही.” ज्या घरात निमंत्रणपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घावरून दोन चुलत्यांचं बोलणं बंद झालं होतं, त्या घरात!

आई उठली, कपाटातून आपलं टिकल्यांचं पाकीट काढलं. मधल्या आकाराची मरून, कडेला बारीक सोनेरी. मागचा कागद सोलून तिने ती म च्या डोक्यावर दाबून बसवली, जराशी डावीकडे कललेली, आणि झोपायला गेली.

सकाळी आरतीला लेक व्हिडिओ कॉलवर होती. तिने मला मोबाइल मखराच्या जवळ न्यायला लावला, आणखी जवळ, आणि आरती संपायच्या आतच विचारलं, “आई, हा फॉन्ट कुठला गं?”