क्रीडावैद्यक शिकताना: ‘विश्रांती घ्या’च्या पुढे

भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत फुटबॉल सुरू झाला की फोंड्यातील माझ्या दवाखान्यात मुरगळलेले घोटे येऊ लागतात, आणि त्या प्रत्येकाला मी वर्षानुवर्षे एक्स-रे, क्रेप बँडेज व तीन आठवड्यांची विश्रांती असा एकच उपचार सांगत आलो होतो. क्रीडावैद्यकाच्या निरंतर शिक्षणाला मी नाव नोंदवले तेही ज्ञानाच्या ओढीने नव्हे. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत 5 वर्षांसाठी सांगितलेले 30 तास भरत नव्हते, म्हणून.

सुरुवातीच्या ऑनलाइन व्याख्यानांतून फारसे हाती लागले नाही. पणजीतील प्रत्यक्ष सत्रात मात्र एक्स-रे खरोखर लागेल का हे ठरवणाऱ्या ओटावा नियमांनुसार घोट्याच्या हाडांची मागची कड व टोक दाबून पाहणे आणि रुग्णाला चार पावले चालायला लावणे, हे आम्ही एकमेकांच्या पायांवर केले, तेव्हा विनाकारण काढायला लावलेले कितीतरी एक्स-रे आठवून मी ओशाळलो.

खरी झोप उडवली ती उत्तेजकविरोधी नियमांच्या तासाने. ट्रामाडॉल हे वेदनाशामक 1 जानेवारी 2024 पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. ग्लुकोकॉर्टिकॉइडचे, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचे, कोणतेही इंजेक्शन, अगदी सांध्यात दिलेलेही, 2022 पासून. आणि दम्याच्या साल्बुटामॉल पंपालाही 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. औषध आपण लिहून देतो, पण नमुन्यात ते सापडले तर उत्तर द्यावे लागते खेळाडूला. 2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या, त्या सुमारास खांदा दुखतो म्हणून आलेल्या एका मुलीला ‘तू स्पर्धेत खेळतेस का’ एवढेही मी विचारले नव्हते.

प्रमाणपत्रावरील तास नोंदवून घेण्यासाठी आयोजकांच्या मागे काही महिने लागावे लागले, ते सोडून देतो.

आता केसपेपरवर ‘खेळ कोणता, पुढचा सामना कधी’ हे मी आधी लिहितो. परवा गुरुवारी डोक्याला मार लागलेला शाळकरी गोलरक्षक वडिलांबरोबर आला होता. एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हलके चालणे चालेल, परंतु खेळाकडे परतण्याची प्रत्येक पायरी किमान 24 तासांची असल्यामुळे रविवारचा सामना शक्य नाही, असे मी समजावले. ‘‘पण डॉक्टर, त्याला कुठे चक्कर येते आहे?’’ म्हणत वडील नाराजीनेच उठले. तो खेळला की नाही, हे मला अजून कळलेले नाही.