सोलापुरात ॲपवर गाडी शोधताना: स्टेशन, जुळे सोलापूर, कुंभारी, अक्कलकोट

सोलापूरला जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगते. ॲपवर रिक्षा मिळते, पण ती शहराच्या मधल्या भागात आणि दिवसाउजेडी. स्टेशन, सात रस्ता, नवी पेठ, पार्क चौक एवढ्या टापूत फारसा त्रास नाही. टापू सोडला की जाताना मिळालेली गाडी येताना मिळेल याचा भरवसा धरू नका. म्हातारं माणूस, पेशंट किंवा लहान मूल बरोबर असेल, तर परतीची सोय केल्याशिवाय निघूच नका.

पुण्याहून आईला घेऊन गेले होते. आत्या जुळे सोलापूर या उपनगरात राहते, आतोबांचं ऑपरेशन कुंभारीजवळच्या हॉस्पिटलात झालेलं, आणि एवढं जातोच आहोत तर अक्कलकोटला स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन यावं असा बेत. आईचे गुडघे धरलेले. कोपऱ्यापर्यंत चालून रिक्षा बघू, हे तिच्यासाठी शक्य नव्हतं. त्यामुळे ॲप दारात गाडी आणतं की नाही, हा आमच्यासाठी सोयीचा नाही, गरजेचा प्रश्न होता.

पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस रात्री दहाच्या सुमाराला सोलापुरात येते. मुंबईची वंदे भारत त्यानंतर, साडेदहा उलटल्यावर. दिवसाच्या दोन चांगल्या गाड्या अशा लागोपाठ माणसं उतरवतात, आणि नेमकं त्याच वेळी ॲप थंड असतं. स्टेशनबाहेर रिक्षांची कमी नव्हती, रांगच लागलेली. मी ॲपवर जुळे सोलापूर टाकलं, आणि समोर उभ्या असलेल्या रिक्षात हँडलला अडकवलेला फोन वाजला. चालकानं पडद्याकडे पाहिलं, भाडं पाहिलं आणि तो वाजू दिला. मग मान बाहेर काढून मलाच विचारलं, "कुठं जायलाव, ताई?" मी म्हटलं, हेच ते, तुमच्याच फोनवर आलंय. तो हसला नाही की चिडला नाही. म्हणाला, "तेवढ्यात परवडत नाही ओ. तिकडनं रिकामं यायचं मला एवढ्या रातचं." ॲपवर दिसत होतं त्याच्या दीडपटीला तो तयार झाला. आई बाकावर बसलेली, मी हो म्हटलं. सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागेपर्यंत त्यानं सगळा हिशेब सांगितला, तो पुढे सांगते.

रात्रीच्या गाडीनं उतरणाऱ्यांनी स्टेशनवर ॲप उघडून वाट बघत थांबू नये. ॲपवर जे चालक आहेत तेच बाहेर उभे आहेत. ॲपवरचा आकडा फक्त अंदाज म्हणून बघून ठेवा, सरळ जाऊन भाडं ठरवा, आणि "दारापर्यंत, सामानासकट" हे बसायच्या आधी बोलून घ्या. जुळे सोलापुरात सोसायट्या आणि नगरं इतकी आहेत, आणि नावं इतकी सारखी, की नकाशातली खूण भलत्याच गल्लीत नेऊन सोडते. घराच्या नावापेक्षा जवळचा चौक, पाण्याची टाकी, शाळा असं काहीतरी विचारून ठेवा. विजापूर रोडनं येत असाल तर सैफुलच्या अलीकडे की पलीकडे, आणि होटगी रोडकडून असाल तर आसरा चौकातून कुठल्या बाजूला, एवढं चालकाला पुरतं.

आता चालकाचा हिशेब. पुण्या-मुंबईत रिक्षावाला तुम्हाला उपनगरात सोडतो तेव्हा त्याला तिथून दुसरं भाडं मिळतं. सोलापुरात कुंभारी, केगावचं विद्यापीठ, सोरेगाव, होटगी रोडचं विमानतळ अशा ठिकाणी सोडलं की परतताना माणूस नसतो. गेला तेवढाच रस्ता तो स्वतःच्या गॅसवर रिकामा येतो. ॲपवरचं भाडं मात्र एका बाजूचं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं १ जुलै २०२५ला ॲप कंपन्यांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात प्रवाशाकडून रिकाम्या धावेचे पैसे घ्यायचे नाहीत असंच आहे. अपवाद फक्त ३ किलोमीटरच्या आतल्या प्रवासाचा. गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जाता येतं, आणि निम्म्याच्या खाली उतरता येत नाही. मोठ्या शहरासाठी हे ठीक आहे. सोलापूरसारख्या गावात याचा अर्थ असा होतो की शहराबाहेरची फेरी चालकाच्या खिशातून जाते, आणि म्हणून तो ती टाळतो. मला यात त्याचा दोष दिसत नाही.

दोष दिसतो तो दुसरीकडे, आणि त्याचा राग मला अजून आहे. गाडी मिळणार नसेल तर ॲपनं तसं पहिल्या मिनिटाला सांगावं. ते सांगत नाही. गोल फिरत राहतं, मग कोणीतरी "येतोय" असं दाखवतं, आणि आपण पेशंटला खोलीतून खाली आणतो.

कुंभारीला हेच झालं. संध्याकाळी आतोबांना भेटून आम्ही हॉस्पिटलच्या फाटकाशी आलो. ॲपवर रिक्षा लागली, नाव आलं, नंबर आला, बारा मिनिटं दाखवली. नकाशावरची रिक्षा अशोक चौकाजवळ होती. पाच मिनिटांनीही ती तिथंच, आणि बारा मिनिटं तीच. मी फोन केला. पलीकडे चालक कोणाशी तरी तेलुगूत बोलत होता. मग मराठीत म्हणाला, "कुठं सोडायचं? ऑनलाइन की कॅश?" मी जुळे सोलापूर म्हटल्यावर, "ताई, तुम्हीच कॅन्सल करा की." मी म्हटलं, तुम्ही करा. त्यानं फोन ठेवला, पण बुकिंग तसंच ठेवलं. केंद्राच्या त्याच सूचनांत कारण नसताना फेरी रद्द करणाऱ्याला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड सांगितला आहे, चालकालाही आणि प्रवाशालाही. म्हणून चालक रद्द करत नाही, तुमच्याकडून करवून घेतो. दंडाचा नियम कागदावर राहतो, आणि फाटकाशी उभं राहिलेलं माणूस शेवटी कंटाळून बटण दाबतं.

आई फाटकाशेजारच्या दगडी कठड्यावर टेकली होती. अंधार पडत आला होता. अक्कलकोट रोडवर कुंभारीजवळच विडी कामगारांची घरकुलं आहेत, आणि त्या वस्तीमुळे या रस्त्याला शेअर रिक्षा असतात. तशीच एक थांबली. आत बायका बसलेल्या, मांडीवर पिशव्या, तंबाखूचा उग्र वास. चालकानं "एकच शीट आहे" म्हटलं. आतल्या एका मावशींनी आईच्या गुडघ्याकडे पाहिलं, पिशवी पायाशी घेतली आणि शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणून सरकवलं. आईला कडेला, पाय बाहेर सोडता येईल अशी जागा दिली. मी पुढे चालकाशेजारी बसले. हे सुरक्षित नाही, नियमातही बसत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या रस्त्यावर संध्याकाळी आईला घरी नेणारं तेवढं एकच वाहन होतं. शहरात शिरल्यावर उतरलो, आणि तिथून ॲपवर रिक्षा दोन मिनिटांत आली. ती मात्र मुकाट आली, ठरल्या भाड्यात आली.

यातून कुंभारीला पेशंट असणाऱ्यांना सांगणं एवढंच, की जाताना ज्या रिक्षानं जाल तिलाच थांबवून ठेवा. चालक थांबण्याचे पैसे मागतो, ते द्या. "जाऊन-येऊन, तासभर थांबून" असं एकदम ठरवलं तर रिकाम्या फेरीचा त्याचा प्रश्न सुटतो आणि तोही खुशीत असतो. दुसऱ्या खेपेला आम्ही तसंच केलं. डिस्चार्जच्या दिवशी तर ॲपचा विचारही करू नका. बिल, औषधं, कागद यात दोन तास इकडे-तिकडे होतात, त्या वेळेत ओळखीचा चालकच थांबतो.

हा प्रश्न ॲपनं निर्माण केलेला नाही, हेही लिहायला हवं. सोलापूरला महापालिकेची सिटी बस होती, लोक तिच्यावर कॉलेजला गेले, गिरणीत गेले. केंद्राच्या नेहरू शहरी योजनेतून आलेल्या बसगाड्यांच्या चासीला तडे गेले, त्या उभ्या राहिल्या, वाद कोर्टात गेला, आणि रस्त्यावरची बस विरळ होत गेली. ती जागा शेअर रिक्षानं भरली. ॲप आलं तेव्हा आता दारातून दारात जाता येईल, असं आत्यासारख्या सत्तरीच्या माणसांना वाटलं, आणि सुरुवातीच्या स्वस्त भाड्यांच्या काळात तसं झालंही. मग सवलती गेल्या. बंगळुरूच्या नम्मा यात्रीनं चालकाकडून कमिशन न घेण्याची वाट दाखवली, पाठोपाठ मोठ्या कंपन्याही रिक्षांसाठी, कमिशनऐवजी चालकाकडून आधीच ठरावीक फी घेण्याच्या पद्धतीकडे वळल्या. चालकाला हे बरं आहे, भाडं पूर्ण त्याच्या हातात पडतं. पण कंपनीची फी आधीच वसूल झालेली असते. माझी फेरी झाली काय, न झाली काय, तिचं काही अडत नाही. फाटकाशी उभ्या माणसाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे या पद्धतीत कुठंच लिहिलेलं नाही.

अक्कलकोटबद्दल. अंतर साधारण ४० किलोमीटर. ॲपवर बाहेरगावची गाडी दाखवते, पण एकेरी फेरी घेऊ नका. परतताना अक्कलकोटात ॲपवर गाडी मिळण्याची आशा नाही. एकटे-दुकटे असाल तर एस.टी. उत्तम, सोलापूर स्टँडवरून गाड्या सतत असतात. महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं. आधार कार्ड हाताशी ठेवा. गुडघेदुखीचं माणूस असेल तर एस.टी.ची पायरी उंच पडते, तेव्हा दिवसाची गाडी करा. आत्याच्या शेजाऱ्यांनी ओळखीचा गाडीवाला दिला, तो वटवृक्ष मंदिराच्या शक्य तितक्या जवळ सोडून अन्नछत्राच्या बाजूला थांबला. गुरुवार आणि पौर्णिमा टाळता आली तर टाळा. आणि एक महत्त्वाचं: रेल्वेनं थेट जाणाऱ्यांनो, अक्कलकोट रोड स्टेशन गावात नाही, गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब आहे. तिथं उतरून फोन काढून काही होत नाही. सोलापूरलाच उतरा.

तुळजापूर ४५ किलोमीटर, पंढरपूर ७०च्या आसपास. तिथंही हेच, एस.टी. किंवा दिवसाची गाडी.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी एक ते चार रिक्षावाले सावलीत गाडी लावून पडतात, आणि पडावंच त्यांनी. त्या वेळेत ॲप रिकामं दिसलं तर नवल नाही. हॉस्पिटल, बँक, खरेदी सगळं सकाळी अकराच्या आत उरका. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा असते, तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाच्या आसपासचे रस्ते बंद होतात. ॲप तुम्हाला बंद रस्त्याच्या आत उभं राहायला सांगतं आणि चालक बाहेर अडकतो. गर्दीपासून लांब, सात रस्त्याच्या बाजूला चालत येऊन तिथून गाडी मागवा.

सकाळच्या गाड्यांची वेगळी अडचण. मुंबईची वंदे भारत सहाच्या सुमाराला सुटते, पुण्याची हुतात्मा त्यानंतर थोड्याच वेळात. पहाटे पाचला जुळे सोलापुरात ॲपवर गाडी शोधणं म्हणजे गाडी चुकवण्याची तयारी. यावर गावातला उपाय आहे. जवळपास प्रत्येक गल्लीत शाळेची मुलं नेणारे रिक्षावाले काका असतात. त्यांचा दिवस लवकर सुरू होतो, शाळेची पहिली फेरी साडेसहा-सातला. त्याआधी स्टेशनची एक फेरी त्यांना चालते. आदल्या रात्री आठच्या आत सांगा, भाडं तेव्हाच ठरवा, आणि निघायच्या अर्धा तास आधी एक मिस कॉल द्या. आमचे काका पावणेपाचलाच दाराशी येऊन उभे होते.

रात्री उशिरा बाईमाणसानं एकटीनं जायचं असेल तर मात्र मी ॲपच वापरा म्हणेन, वेळ लागला तरी. गाडीचा एमएच-१३ नंबर ॲपशी जुळतो का ते बघा, जुळला नाही तर बसू नका. लोकेशन घरी पाठवून ठेवा. चालक समोर येऊन "कॅन्सल करा, मी तेवढ्यातच सोडतो" म्हणाला तर रात्री ते करू नका, कारण रद्द केल्यावर पुढच्या प्रवासाची नोंद ॲपवर राहत नाही. अडचण आली तर ११२.

चालकाच्या सांगण्यावरून रद्द केलं आणि तुमच्याकडून पैसे कापले गेले, तर ॲपमध्येच आधी तक्रार टाका. न हललेल्या रिक्षाचा नकाशा आणि कॉलची वेळ, दोन्हींचे स्क्रीनशॉट तेव्हाच घ्या, नंतर ते दिसत नाहीत. कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मी माझी तक्रार तिथं नोंदवली आहे. रक्कम लहान होती, तरी नोंदवली, कारण रद्द करणारी मीच, असं त्यांच्या नोंदीत राहू नये असं मला वाटलं.

२०२५च्या जूनपासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आहे. विमानानं येणाऱ्यांनी ज्यांच्याकडे उतरणार त्यांनाच गाडी ठरवायला सांगा, आणि विमान लांबलं तर चालकाला स्वतः फोन करा. त्याचा नंबर आदल्या दिवशीच मागून घ्या.